पहिला घाणा

जत्रेतल्या हॉटेलाला पत्ता नसतो. चार बांबू, दोन ताडपत्र्या, मातीत खणलेली भट्टी, समोर दोन लांब बाकडी आणि कढईच्या मागे उघड्या अंगाचा, खांद्यावर टॉवेल टाकलेला भजीवाला. पाच-सात दिवस हे हॉटेल गावातले सर्वांत गजबजलेले ठिकाण असते. आठव्या दिवशी तिथे राखेचा काळा गोल आणि चहाच्या चोथ्याचा ढीग उरतो. इतिहास लिहिणाऱ्याने अशा वस्तूचा माग कसा काढायचा? दस्तऐवज नाही, शिलालेख नाही, फोटो असला तर तोही कुणाच्या तरी कुटुंबाचा, हॉटेल मागे धूसर. १८८४ साली मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा बेळगाव जिल्ह्याचा जाडजूड खंड निघाला. जिल्ह्यातली पिके, जाती, देवस्थाने आणि जत्रा यांची त्यात तपशिलाने नोंद आहे. पण जत्रेला आलेल्या माणसाने तिथे काय खाल्ले आणि खाऊन तो काय म्हणाला, हे लिहून ठेवावे असे त्या साहेबांना वाटले नाही. आपल्या विद्वानांनाही ते फारसे कधी वाटलेले नाही.

माझे म्हणणे असे, की या हॉटेलाचा इतिहास गिऱ्हाइकांच्या बोलण्यात साठला आहे. “तेल बदला की ओ मालक”, “सोडा लई झालाय”, “गेल्या साली मिरची तिखट होती, औंदा नुसतं गवत” ही वाक्ये कुणी लिहून ठेवत नाही. पण ती पिढ्यान् पिढ्या बोलली जातात आणि त्यांत शेतीचा, व्यापाराचा, जातिव्यवस्थेचा आणि कायद्याचासुद्धा इतिहास अडकलेला असतो. सीमाभागातल्या जत्रांपुरता तो सोडवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी हंगामाविषयी. आपल्याकडचे जत्रेचे वर्ष कार्तिकात सुरू होते आणि वैशाखात संपते. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर कोल्हापूरकडून एस.टी.च्या गाड्यांची रांग लागते. माघात तिथेच पुन्हा पौर्णिमा भरते आणि रायबाग तालुक्यात चिंचलीच्या मायाक्काला सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडचे भाविक बैलगाड्या जुंपून, हल्ली टेम्पो भरून येतात. चैत्रात जोतिबा. मधल्या काळात बेळगाव-खानापूर-चंदगड पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या गावी महालक्ष्मीची यात्रा, तीही दरवर्षी नव्हे, कुठे तीन वर्षांनी, कुठे पाच, कुठे बारा किंवा त्याहून अधिक वर्षांनी. जत्रेतला हॉटेलवाला या पंचांगाप्रमाणे फिरतो. मृग लागला की कढई उलटी टांगून आपल्या दोन एकरांत पेरणीला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची सीमा आखली गेली, पण या फिरस्तीच्या वाटेत तिच्यामुळे फारसा फरक पडला नाही. देव जिथे होते तिथेच राहिले, आणि देवांमागून भजीही.

अशा हॉटेलात गिऱ्हाईक दोन भाषांत बोलते, आणि निवाड्याचे शब्द दोन्ही भाषांतून येतात. मराठी माणूस भजी तोंडात टाकून “खमंग” म्हणतो किंवा “तेलकट” म्हणतो. गार झालेल्या भज्यांना “मऊ पडली”, आत पीठ राहिले तर “कच्चट”, जुन्या तेलाचा वास आला तर “खवट”. शेजारच्या बाकड्यावरचा कन्नड गडी “गरीगरी” म्हणजे कुरकुरीत आहेत का ते विचारतो, “बिसी” म्हणजे गरम हवीत असे बजावतो, आणि नाही आवडली तर “एण्णी भाळ ऐती”, तेल फार झाले, म्हणून मोकळा होतो. भजीवाल्याला दोन्ही कळते. आमच्याकडच्या घरांत तर आजी “खमंग” म्हणते आणि नातू “गरीगरी”, आणि दोघेही एकाच ताटलीविषयी बोलत असतात. शाळेत भाषाशुद्धीचा आग्रह धरणारा माझ्यासारखा मास्तरही जत्रेत “दोन प्लेट बिसी द्या” म्हणतो, हे कबूल केलेले बरे.

आमच्या सरहद्दीवरची एक जोडी मात्र वेगळी सांगितली पाहिजे. पुण्या-मुंबईकडे भज्याबरोबर पाव येतो. इकडे मिरचीच्या भज्याबरोबर चुरमुरे येतात. कन्नडमध्ये चुरमुऱ्यांना मंडक्की म्हणतात आणि मिरची-मंडक्की ही जोडी हुबळी-धारवाड-दावणगेरेपासून थेट आपल्या उंबऱ्यापर्यंत पोचलेली आहे. चुरमुरे कोरडे, भजे तेलाचे. एक दुसऱ्याचे तेल टिपून घेते आणि मिरचीचा जाळही थोडा मवाळ करते. ही युक्ती कुणाची, हे सांगता येणार नाही. पण जी गिऱ्हाइके चुरमुऱ्यांशिवाय भजी परत करतात, ती कृष्णेच्या कुठल्या काठची आहेत हे बहुधा ओळखता येते.

आता थोडे मागे, बरेच मागे जाऊ. बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. आज ते बिदर जिल्ह्यात आहे, म्हणजे आपल्याच सीमापट्ट्यात. तिथल्या गादीवर बसलेल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात, ११३० च्या आगेमागे, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय काय उपभोगावे याची ती जंत्री आहे आणि तिच्यात ‘अन्नभोग’ असा स्वतंत्र भाग आहे. वटक, पूरिका, घारिका अशी तळलेल्या पदार्थांची नावे तिथे भेटतात. वटक म्हणजे आपला वडा आणि घारिका म्हणजे आजची घारी. डाळी भिजवणे, वाटणे, पीठ करणे, हिंगाचे पाणी घालणे, मिऱ्याची पूड टाकणे आणि तापलेल्या तेलात सोडणे ही सगळी कृती ओळखीची आहे. एका राजाने स्वयंपाकघरात इतके लक्ष घालावे याचे मला नेहमीच कौतुक वाटते. सोमेश्वराच्या लढाया आज फारशा कुणाच्या लक्षात नाहीत, वडे आहेत.

पण त्या ग्रंथात मिरची नाही. ती असणार तरी कशी? मिरची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि गोवा हे त्यांचे मुख्य ठाणे. तिथून घाट चढून ती आपल्याकडे आली. तोपर्यंत तिखटपणा म्हणजे मिरे, सुंठ, पिंपळी. भाषेने या पाहुणीला कशी जागा करून दिली ते पाहण्यासारखे आहे. संस्कृतात मिऱ्याला ‘मरिच’ म्हणत. त्यावरून आपण जुन्याला ‘मिरे’ म्हटले आणि नवीला ‘मिरची’. कन्नडमध्येही हुबेहूब तेच घडले. मिरे म्हणजे ‘मेणसु’ आणि मिरची म्हणजे ‘मेणसिनकाई’, मिऱ्याची शेंग. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा, पण परक्या वस्तूला घरातले नाव देण्याची रीत एकच. बटाट्याच्या बाबतीत मराठीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. पोर्तुगीजांचा ‘बटाटा’ जसाच्या तसा ठेवून घेतला.

म्हणजे जत्रेतल्या ताटलीतली तीन मुख्य भजी घेतली तर कांदा तेवढा जुन्या काळचा. मिरची आणि बटाटा दोन्ही समुद्रापलीकडून आलेले. ज्या शेंगदाण्याच्या तेलात ती वर्षानुवर्षे तळली गेली, तो भुईमूगही दक्षिण अमेरिकेतला. राहता राहिले हरभऱ्याचे पीठ, हिंग आणि भूक. “आमच्या बापजाद्यांपासूनची चव” असे एखादा म्हातारा बाकड्यावर बसून ठणकावतो तेव्हा मी त्याला अडवत नाही. त्याच्या बापजाद्यांचा काळ चारशे वर्षांच्या अलीकडचा असला तर त्याचे बरोबरच आहे.

जत्रेत तळलेलेच का विकले जाते? भात-आमटी का नाही? सोपे उत्तर असे की तळण लवकर होते, हातावर देता येते आणि टिकते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. जत्रेला येणारा माणूस भाकरी, चटणी, दशम्यांची शिदोरी घरून आणतो किंवा देवळाच्या आवारात चूल मांडून नैवेद्य शिजवतो. हॉटेलात तो घरी सहसा न होणारे तेवढेच खातो. पूर्वी तेल जपून वापरण्याची वस्तू होती. कढईभर तेल तापवणे हे सणासुदीचे काम. जत्रेत दोन पैशांत दुसऱ्याच्या कढईतले तेल खायला मिळे, हेच त्या खाण्याचे अप्रूप.

दुसरे कारण रोगराईचे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जत्रा आणि पटकी ही नावे जोडीने घेतली जात. १८९६ नंतर प्लेग आला, १८९७ चा साथरोग कायदा आला, आणि त्या वर्षांत कित्येक ठिकाणच्या जत्रांवर बंधने पडली. जिथे विहिरीच्या पाण्याचा भरवसा नाही तिथे उकळत्या तेलातून थेट हातावर आलेले भजे हेच त्यातल्या त्यात बिनधोक अन्न. जंतूंचे शास्त्र कुणाला ठाऊक नव्हते. “गरम आहे तोवर खा” एवढे मात्र ठाऊक होते, आणि अजूनही भजीबद्दल तोच पहिला निकष आहे.

तिसरे कारण सांगायला तितके सुखाचे नाही. पाण्यात शिजवलेले अन्न कुणाच्या हातचे चालते आणि तेला-तुपात तळलेले कुणाच्या हातचे चालते, यांत जुन्या सोवळ्याओवळ्याने भेद केला होता. उत्तरेत त्याला कच्ची आणि पक्की रसोई म्हणत. आपल्याकडे तो नियम तितका काटेकोर नव्हता. तरी प्रवासात चुरमुरे, फुटाणे, लाह्या, तळलेले चालवून घ्यायचे आणि भात मात्र आपल्याच माणसाच्या हातचा, अशी सोय पुष्कळांनी करून घेतली होती. तळलेल्या अन्नाला ही मोकळीक होती म्हणूनच ते सार्वजनिक अन्न झाले. पण ही मोकळीक वरच्यांनी खालच्यांच्या हातचे खाण्यापुरती, आणि तीही फार खाली न जाणारी. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरवले होते, त्यांना कढईच्या मागे उभे राहण्याचा हक्क नव्हता आणि कढईच्या पुढे बसण्याचाही नव्हता. त्यांना भजी मिळत ती वरून टाकलेली, पानावर, हॉटेलाच्या कडेला. चहासाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, आणि पिऊन ती ज्याची त्यानेच विसळायची. अशा गिऱ्हाइकाचे मत कोण विचारणार? तेल खवट आहे असे म्हणण्यासाठी आधी बाकड्यावर बसता यावे लागते.

म्हणून भज्यांच्या इतिहासात कोल्हापूरच्या एका चहाच्या दुकानाला मी मानाचे पान देतो. राजवाड्याच्या नोकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी मारहाण केली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण कांबळे यांना स्वतंत्र धंद्यासाठी मदतही केली, आणि त्यांनी कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ हे हॉटेल काढले. तिथे सवर्ण पाऊल टाकीनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. छत्रपतीच गिऱ्हाईक झाल्यावर बाकीच्यांच्या नाकाला काय किंमत! मार्च १९२० मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली आणि तिथे महाराजांनी तरुण डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे गौरवले, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. त्या हॉटेलातला चहाचा कपही त्याच इतिहासाचा भाग आहे.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे, हे विद्यार्थ्यांना शिकवताना मी मुद्दाम थांबून सांगतो. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने तर हॉटेलातली सर्वांसाठी असलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. १९७६ मध्ये त्या कायद्याला नागरी हक्क संरक्षण असे नाव मिळाले. दिल्लीतल्या कायदे करणाऱ्यांनी कपबशीपर्यंत विचार केला होता, कारण अपमान तिथेच होत होता. कायदा आला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळीकडच्या कपबश्या एक झाल्या असे नाही. जत्रेत मात्र ते लवकर झाले असावे, असा माझा तर्क आहे. गावातल्या हॉटेलात मालक प्रत्येकाला ओळखतो. जत्रेतल्या गर्दीत कोण कुठला, कुणाचे घर गावकुसाच्या कुठल्या बाजूला, हे भजीवाल्याला कळायला मार्ग नसतो आणि विचारत बसायला वेळही नसतो. घाणा उतरला की समोर जो हात येईल त्यावर कागद ठेवायचा.

बायकांची गोष्ट याहून वेगळी. हॉटेलात बसून खाणारी बाई हे दृश्य कितीतरी काळ चमत्कारिक मानले जाई. त्यांच्यासाठी भजी बांधून झाडाखाली, गाडीपाशी नेली जात, आणि पोचेपर्यंत ती मऊ पडत. “हॉटेलातल्या भज्यांत काही अर्थ नाही” हे आमच्या आयाआज्यांचे ठाम मत होते. मला वाटते, त्यांना ती गरम कधी मिळालीच नव्हती. पडदा लावलेली ‘फॅमिली’ची जागा आली, मग पडदाही गेला, आणि आज जत्रेत कढईसमोर उभे राहून “हा घाणा नको, पुढचा द्या” असे बजावण्यात बायकाच पुढे असतात.

घाणा या शब्दापाशी जरा थांबतो. मराठीत तेल गाळण्याच्या यंत्रालाही घाणा म्हणतात आणि एका वेळी कढईत सोडलेल्या तळणालाही घाणाच. कन्नडमध्ये तेलाच्या यंत्राला ‘गाण’ आणि ते चालवणाऱ्या समाजाला ‘गाणिग’. आपल्याकडे ते काम तेल्यांचे. बैल गोल फिरे, लाकडी लाट उखळात दाणे चिरडी आणि तेल खाली थेंब थेंब उतरे. या पट्ट्यात भुईमूग पसरण्याआधी मुख्य तेले होती करडई, तीळ, जवस आणि कारळा. विजापूर-सोलापूरच्या काळ्या रानात करडई अजूनही दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे विसाव्या शतकात भुईमुगाची लागवड झपाट्याने वाढली. दक्षिण मराठा रेल्वे बेळगाव-मिरजेला पोचल्यावर शेंग बाजारात आणि बंदरापर्यंत नेणे सोपे झाले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, धारवाड हा शेंगेचा मुलूख झाला, इतका की आमच्याकडे नुसते ‘गोडेतेल’ म्हटले की शेंगतेल समजतात.

तळणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. करडईच्या तेलातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचा असतो. खाणाऱ्याच्या हृदयाला तो चांगला म्हणतात. पण हेच तेल पुन्हा पुन्हा तापवले तर लवकर बिघडते. शेंगतेलात ओलिक आम्ल अधिक, म्हणून ते कढईत जास्त वेळ तग धरते. शिवाय त्याला दाण्याचा स्वतःचा वास. जुनी गिऱ्हाइके भजीवाल्याकडे बोट न दाखवता दुरूनच सांगत, याची कढई ताजी आहे, त्याची कालची आहे. वारा कुठून येतो एवढे पाहायचे आणि नाकाचे ऐकायचे. जत्रेतल्या दहा हॉटेलांतून एक निवडण्याची ती खात्रीची परीक्षा होती.

पुढे शेंगतेल महागत गेले. १९३७ पासून डालडा बाजारात होताच. मिठाईवाल्यांनी तो उचलला, भजीवाल्यांनी तितकासा नाही. मग परदेशी पामतेल आले. सरकारने ते आयात करून रेशनच्या दुकानांतून वाटले. ऐंशीच्या दशकात रांगेत उभे राहून ते ज्यांनी आणले त्या घरांना ते चांगले आठवत असेल. १९८६ साली तेलबियांची राष्ट्रीय मोहीम निघाली, उत्तर कर्नाटकात सूर्यफुलाची पिवळी रानेच्या राने उभी राहिली, आणि काही वर्षे तरी देश तेलात स्वावलंबी होईल असे वाटले. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. त्यानंतर स्वस्त तेलाच्या डब्यापुढे शेंगही टिकली नाही आणि सूर्यफूलही मागे हटले. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

या सर्व घडामोडी जत्रेतल्या गिऱ्हाइकाने वर्तमानपत्रात वाचल्या असतील किंवा नसतील, जिभेने मात्र त्यांची नोंद घेतली. “भजी खाल्ल्यावर टाळूला मेण लागल्यागत होतंय” ही तक्रार माघाच्या जत्रेत हमखास ऐकू येते, चैत्रात तितकी येत नाही. यात लहरीपणा नाही. पामतेलात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त मेदाम्लांचा असतो. तेल गरम असताना काही जाणवत नाही. थंडीत ते गढूळ होते, गोठू लागते. माघातल्या रात्री भजे गार झाले की त्यातले तेल टाळूवर थर धरते. चैत्राच्या उन्हाळ्यात तेच तेल पातळ राहते आणि गिऱ्हाईक गप्प बसते. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला हा धडा शिकवायला प्रयोगशाळा लागते. चिंचलीच्या माळावरच्या धनगराला थंडीची एक रात्र पुरते.

भजीवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. पामतेल तापवायला चिवट असते, लवकर फेसाळत नाही, काळपट पडायलाही वेळ लावते. पाच दिवस अहोरात्र कढई पेटती ठेवणाऱ्याला दुसरे परवडत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सूर्यफुलाचे तेल अडले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जवळजवळ महिनाभर बंद केली. आपल्या भागात तेव्हा जोतिबाच्या चैत्र यात्रेचा गुलाल अजून पुसला गेला नव्हता. पंधरा किलोच्या डब्याचे भाव ऐकून भजी लहान झाली. गिऱ्हाईक म्हणाले, “मालक, भजी हाय का फुटाणा?” मालकाने आकाशाकडे हात केला. जकार्ता कुठल्या दिशेला आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

शुद्ध केलेल्या तेलांनी आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. रिफाइन्ड तेलाचा वास कारखान्यातच काढून घेतलेला असतो. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हातचे सर्वांत जुने हत्यार, म्हणजे नाक, निकामी झाले. आता परीक्षा पैसे दिल्यावर, घास तोंडात गेल्यावरच होते. १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षेच्या नियमांनी तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये असे ठरवले आहे. नियम चांगला आहे. ते मोजणारे यंत्रही मिळते. जत्रेच्या माळावर ते घेऊन कोण येणार, हा वेगळा प्रश्न. तोवर खाली बसून कढईच्या काठाचा काळेपणा आणि बुडबुड्यांचा फेस पाहणारे गिऱ्हाईक हाच तिथला अन्ननिरीक्षक. ताज्या तेलात बुडबुडे मोठे येतात आणि लगेच फुटतात. थकलेल्या तेलात बारीक फेस येतो आणि तो मागे सरत नाही.

सोड्याविषयी लोकांची मते याहून कडक असतात. पूर्वी पीठ हलके व्हावे म्हणून कडकडीत तेलाचे मोहन घालत, थोडी तांदळाची पिठी मिसळत. सोड्याने ते काम चिमटीत होते, भजी फुगतात, परातभर दिसतात, पण आतून जाळीदार होऊन तेल जास्त पितात. त्यात हळद असेल तर सोडा लपून राहत नाही. क्षारामुळे हळद लाल पडते आणि भज्यावर तांबूस ठिपके उमटतात. ते ठिपके दाखवून पैसे कमी करून घेणारी गिऱ्हाइके मी पाहिली आहेत.

तेल पिण्याची मुख्य वेळ मात्र वेगळीच असते. भजे कढईत असताना आतल्या पाण्याची वाफ बाहेर ढकलत असते, तोवर तेलाला आत शिरता येत नाही. बाहेर काढल्यावर वाफ निवते आणि वर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणून जाणता भजीवाला झारा कढईच्या काठावर टेकवून चार क्षण थांबतो, दोनदा हलवतो आणि मगच परातीत टाकतो. गर्दी वाढली की हे चार क्षण पहिल्यांदा जातात. “सकाळची भजी बरी होती, रात्रीची तेलकट” हे जत्रेतले जुने मत या चार क्षणांमुळे आहे.

आणि कागद! भजी येत ती रद्दीच्या कागदावर. कधी बेळगावच्या ‘तरुण भारत’चा अग्रलेख, कधी एखाद्या कन्नड दैनिकाचे पान. दोन लिप्यांवर तेलाचे डाग सारखेच पसरत. भजी संपल्यावर कागद वाचायचा ही सवय आमच्या पिढीतल्या पुष्कळांना होती, आणि कन्नड अक्षरओळख काहींना तिथेच झाली. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असा कागद वापरू नका असे सांगितले. ते योग्यच आहे. जत्रेत हल्ली कागदी द्रोण दिसतात, त्यांवर वाचायला काही नसते.

२०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली, देवळांना कुलपे लागली आणि जत्रांचे पंचांग कोरे राहिले. पक्क्या हॉटेलांनी घरपोच डबे देऊन कसेबसे निभावले. ताडपत्रीच्या हॉटेलाला दारच नव्हते, मग घरपोच काय देणार? काहींनी कढया मोडीत घातल्या, काहींची मुले गवंडीकामाला, साखर कारखान्यावर गेली. जत्रा पुन्हा भरू लागल्या तेव्हा बाकडी कमी दिसली आणि चिनी शेवयांचे गाडे जास्त. तेही तळलेलेच, तेही त्याच तेलात. त्या गाड्यांसमोर पोरे उभी असतात, त्यांना विचारले तर म्हणतात “मस्त”. पुढे काही सांगत नाहीत. खवट, कच्चट, गरीगरी हे शब्द त्या पदार्थाला अजून चिकटलेले नाहीत. एखाद्या जत्रेत तेही चिकटतील.

जे भजीवाले उरले आहेत ते मात्र पूर्वीसारखेच पहाटे भट्टी पेटवतात. पहिल्या घाण्यातले पहिले भजे विस्तवात टाकायचे, दुसरे स्वतः चाखायचे, आणि मग ताडपत्री वर करायची. बाहेर थंडीत घोंगडी पांघरून उभा असलेला एखादा म्हातारा तोवर विचारून झालेला असतो, “तेल कंचं हाय?”